गिधाडांचं हॉटेल आणि माझा टेम्पो

टेम्पो चालवणाऱ्या माणसाकडे किस्से साठत जातात, त्याला काही इलाज नाही. सीटखाली नट-बोल्ट, जुने वायसर, कुणाची तरी एक चप्पल साठते, तसंच हे. उद्या काढून टाकू म्हणता म्हणता वर्षं जातात. मी रफीक, कुरखेड्याचा. धानाची पोती, तेंदूपत्त्याचे बोरे, लग्नाचे मंडप, नवरीचं कपाट, सगळं वाहिलंय. पण स्टँडवर चहाला बसलो की जो तो एकच म्हणतो, "रफीकभाऊ, ते गिधाडाचं सांग नं!"

सांगतो. हसायचे आहेत ते आधी सांगतो. बाकीचे नंतर येतातच.

गाव कुरखेड्याहून जंगलाकडं जाताना लागतं. नाव सांगत नाही. पूर्वी सांगत नव्हतो, कारण लोक फोटो काढायला गर्दी करतील. आता सांगत नाही, कारण फोटो काढायला तिथं काही उरलेलं नाही.

आमचं चौघांचं मंडळ. देवाजीभाऊ अध्यक्ष. धानाचा शेतकरी, आवाज असा की माइकची गरज नाही. सुकमाबाई शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, गोंड घरातली. तिच्या शेताच्या कडेला अर्जुनाचं एक उंच झाड आहे. तिसरे डॉक्टर, म्हणजे गुरांचे सरकारी डॉक्टर, साताऱ्याकडचे. चौथा मी, कारण टेम्पो माझा.

आमच्या लहानपणी जनावर मेलं की आभाळ काळं व्हायचं गिधाडांनी. मग ती कमी झाली, मग दिसेनाशी झाली. कारण डॉक्टरांनी समजावलं. दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन आहे. गुराला आराम पडतो, पण ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की गिधाडाची किडनी बंद. गुरांसाठी त्याच्यावर बंदी आहे, पण माणसांची बाटली मिळतेच कुठंतरी.

आमच्या भागात एक जोडपं उरलं होतं, सुकमाबाईच्या झाडावर. गिधाडीण वर्षाला एकच अंडं घालते. म्हणून आम्ही माळावर तारेचं कुंपण घालून गिधाडांचं हॉटेल काढलं. इंजेक्शन न दिलेलं मेलेलं जनावर तिथं टाकायचं, बस. आमची सगळी वर्गणी, भांडणं, मीटिंगा एवढ्यासाठी होत्या, की त्या जोडप्याचं एक पिल्लू धडपणे उडावं.

*

हॉटेल काढलं, पण माल कुठून आणणार? गावात निम्म्या लोकांनी ट्रॅक्टर घेतलेले. गुरंच कमी, तर मरणार किती! मग देवाजीभाऊ आणि मी गावोगाव चौकशी करत फिरायला लागलो. कुणाचं जनावर आजारी आहे, कुणाची गाय म्हातारी झाली.

आता तुम्हीच सांगा, असं कुणाच्या दारात जाऊन विचारतात का? पण देवाजीभाऊला पोच कमी. एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात वाकून बघत म्हणाला, "बाबाजी, ह्या बैलाचं कसं काय? दिवाळीपर्यंत जाते का?"

म्हाताऱ्यानं आम्हाला काठी घेऊन रस्त्यापर्यंत पोचवलं!

पुढं पुढं माझा टेम्पो गल्लीत शिरला की लोक गोठ्याची दारं लावायचे. एका बाईनं तर आजारी गाय स्वयंपाकघरात नेऊन बांधली. मी गेलो होतो तिच्याच मुलीचं कपाट पोचवायला. ती दारातूनच ओरडली, "आमची गाय बरी हाय! चारा खाऊन राह्यली!"

*

मग उद्घाटन ठरलं. मोठे साहेब येणार होते, त्यामुळे तारीख त्यांनी दिली. मंडप आला, खुर्च्या आल्या, नारळ आला. पण ज्याच्यावाचून सगळं अडणार, ते मेलेलं जनावर कुठं होतं? तारीख बघून कुणी मरतं का!

शेवटी तीन गावं पलीकडं एक म्हैस गेली. पण ती गेली कार्यक्रमाच्या बरीच आधी, आणि ऊन म्हणजे आमच्याकडचं ऊन. डॉक्टर डोकं धरून बसले. मी म्हटलं थांबा, आणि बाजारातल्या मासेवाल्याकडून बर्फ उचलला. म्हैस बर्फात ठेवली. मासेवाला विचारत होता, "कोनते मासे आणले बे एवढे?"

साहेब आले उशिरा. तोवर बर्फाचं पाणी झालेलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावूनच फीत कापली, रुमाल लावूनच दिवा लावला. भाषण रुमालातून केलं, ते कुणालाच कळलं नाही. जाताना देवाजीभाऊला विचारलं, "गिधाडं कुठं आहेत?"

देवाजीभाऊ म्हणाला, "साहेब, ते लाजरे हायत. तुमी गेल्याबिगर जेवत नाईत."

साहेब इतक्या आनंदानं आयुष्यात कुठून गेले नसतील!

*

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी ती जोडी उतरली. आम्ही झुडपामागं बसून बघतोय. देवाजीभाऊच्या डोळ्यांत पाणी. पोरीच्या लग्नातही तो एवढा रडला नव्हता. दोघांनी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं. मग उडायला निघाले, आणि उडेनात!

आमची चूक काय, तर कुत्री येऊ नयेत म्हणून कुंपण बांधलं उंच, आणि जागा ठेवली आखूड. भरल्या पोटी गिधाडाला उडायला लांब धावावं लागतं, हे डोक्यातच आलं नाही. ते चार पावलं पळायचे आणि तारेशी येऊन थांबायचे. लग्नात दाबून जेवलेले पाहुणे मंडपात फिरतात, तसे दोघं गोल गोल फिरत राहिले.

डॉक्टर म्हणाले, "सोपं आहे. गिधाडं घाबरली की खाल्लेलं ओकतात. हलकी होतात आणि उडतात. जरा ओरडा."

देवाजीभाऊ भडकला. "पाहुण्याले जेवू घालून ओकवता का डॉक्टर? पाप लागते नं!"

त्यानं जाऊन फाटक उघडलं आणि बाजूला हात जोडून उभा राहिला. ते दोघं त्याच्या पुढ्यातून डुलत डुलत चालत बाहेर पडले. सुकमाबाई लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसत होती. "भाऊ, सुपारी तं द्या त्याईले!"

नंतर कुंपण वाढवलं. पण त्या जोडीला चालत जायची सवयच लागली. देवाजीभाऊ पुढं आला तरी हलायचे नाहीत. तो जवळ जाऊन बोलायचा त्यांच्याशी, आणि ते ऐकून घ्यायचे.

*

इंजेक्शनच्या विरोधात भाऊनं जो प्रचार केला, तसा आमच्याकडं निवडणुकीतही कुणी करत नाही. पोळ्याला, बाजारात, धानाच्या गिरणीवर. इंजेक्शन देत फिरणारा कुणी मोटरसायकलवाला गावात दिसला की त्याला चौकात उभं करून बाटल्या तपासायचा.

एका लग्नात त्याच्या हातात माइक दिला, आशीर्वादाचे दोन शब्द बोला म्हणून. भाऊ म्हणाला, "नवरा-नवरीले सुखी संसाराच्या शुभेच्छा. आणि बैलाले ते इंजेक्शन देऊ नका!"

बसला खाली. झालं भाषण!

*

आता माझ्या टेम्पोचं. त्याला रिव्हर्सचा हॉर्न आहे. गाडी मागं घेतली की एक किनरी धून वाजते, जुन्या मालकानं बसवलेली. हॉटेलात जनावर उतरवायचं तर टेम्पो फाटकातून मागंच घ्यावा लागतो. म्हणजे धून वाजली की जेवण आलं. काही महिन्यांत ती जोडी शिकली. मी फाटकाशी रिव्हर्स घेतला की दोघं वर घिरट्या घालायला हजर.

ह्याच्यावरून मंडळात कायमचं भांडण. भाऊ म्हणायचा हॉर्न ऐकून येतात. डॉक्टर चिडायचे. "अहो, गिधाड डोळ्यांनी शोधतं! वासानं नाही, आवाजानं नाही. ते टेम्पो बघून येतात. हॉर्नबिर्न सगळं तुमच्या मनाचं आहे."

"मंग रफीक हॉर्न वाजवते तवाच काऊन येतेत?"

"कारण तो तेव्हाच टेम्पो आणतो!"

हे भांडण मिटलं नाही. पण एकदा त्याच गावात मी एका वरातीचं सामान आणलं. सुकमाबाईच्याच नात्यातलं लग्न. मांडवाशी टेम्पो मागं घेतला, धून वाजली, आणि बघतो तर नवरदेवाच्या डोक्यावर दोन गिधाडं गोल गोल फिरताहेत! वाजंत्री थांबली. बायका आत पळाल्या. नवरदेवाचा बाप माझी कॉलर धरून विचारतोय, "कोन मेलं बे? कोन मेलं?"

सुकमाबाई तेवढी शांत. वर बघून म्हणाली, "काई नाई. शेजारचे हायत. जेवायले आले."

*

सुकमाबाईच्याच तोंडचा आणखी एक. मोहर्लीला वाघांसाठी मोठा कार्यक्रम होता. गावागावांतून काम करणाऱ्यांना शाल-नारळ. आमच्याकडून सुकमाबाईला नेलं. बाहेर सफारीच्या जिप्स्या उभ्या, टोप्या घातलेले पाहुणे, सगळीकडं वाघाचे फोटो. प्रत्येक भाषणात वाघ. वाघ वाचला तर जंगल वाचेल, जंगल वाचलं तर माणूस वाचेल. गिधाडाचं नाव कुणी घेतलं नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत सरपणाला गेलेली बाई घरी येईल की नाही ह्याची खात्री नसते, तेही कुणी काढलं नाही.

शाल मिळाली, आणि दोन शब्द बोला म्हणाले. सुकमाबाई माइकपाशी गेली.

"तुमचा वाघ जित्याले खाते. आमचं गिधाड मेल्याले खाते. कोनाले शाल द्याची ते तुमीच पाहा."

आणि जोहार करून खाली उतरली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणाला कळेना!

*

इथपर्यंत स्टँडवर सांगतो. इथून पुढचं सांगत नाही. विचारलं तर म्हणतो गाडी भरायची आहे. पण आज बसलोच आहे तर सांगून टाकतो.

त्या वर्षी अर्जुनावर पिल्लू निघालं होतं. आधीच्या वर्षी अंडं फुकट गेलं, त्याच्या आधी वादळानं घरटं पडलं. ह्या वेळी पिल्लू चांगलं वाढलेलं. सुकमाबाई रोज निरोप पाठवायची. आज पंख हलवले, आज घरट्याच्या काठावर आलं. आम्ही बारशाला नावं काय ठेवायची ह्याच्यावर भांडत होतो.

तेव्हाच देवाजीभाऊचा लाल्या धानाच्या बांधीत घसरला. लाल्या आणि चांद्या ही त्याची बैलजोडी, घरच्याच गाईची वासरं, पोरांसारखी वाढवलेली. लाल्याचा मागचा पाय मोडला. डॉक्टर ट्रेनिंगला नागपूरला. लाल्या दिवसभर असा हंबरत होता की शेजारी जेवले नाहीत. संध्याकाळी इंजेक्शन देणारा एक मोटरसायकलवाला गावात आला. भाऊच्या घरापाशी येऊन थांबला.

तो म्हणाला, "आरामाचं देऊ का?"

आणि ज्या माणसानं लग्नाच्या मांडवात सगळ्या मुलखाला बजावलं होतं, त्यानं बाटली बघितली नाही. विचारलं नाही. नुसती मान हलवली. लाल्या तासाभरात शांत झाला. पहाटे मेला.

सकाळी भाऊ तालुक्याला गेला. डॉक्टर परतले की त्यांना गाठून सांगायचं, बैल पुरायला माणसं आणायची, असं त्याच्या मनात होतं. पण घरी कुणाला काही बोलला नाही. शरम वाटली असेल. मागं गावातल्या लोकांनी काय केलं? भाऊनंच शिकवलं होतं ते. जनावर मेलं की वेळ घालवायचा नाही, रफीकला फोन करायचा. फोन आला, मी गेलो. अध्यक्षाचा बैल, इंजेक्शनचं विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट चार माणसं जास्तच लागली हाताला. मी फाटकाशी टेम्पो मागं घेतला. धून वाजली. दोघंही आले.

दुपारी भाऊ परतला. गोठ्यात बघितलं. "लाल्या कुठी हाय?"

"नेला नं भाऊ हॉटेलात. तुमचाच नियम हाय."

भाऊ धावत सुटला. मी माळावरच होतो, टेम्पो धूत. भाऊ फाटकातून आत घुसला तो ओरडतच. पोटभर खाऊन ते दोघं बसलेले. भाऊनं दुपट्टा फिरवला, दगड आपटले, पत्रा बडवला. "ओका! ओका रे! घाबरा नं मले! काऊन घाबरत नाई?"

ते घाबरलेच नाहीत. त्याला ओळखत होते. एकानं मान वाकडी करून त्याच्याकडं बघितलं. मग दोघं उठले आणि त्याच्या बाजूनं, नेहमीसारखे, डुलत डुलत फाटकातून चालत गेले.

*

दोन-तीन दिवसांत मादी झाडाखाली पडलेली सापडली. मग नर, ओढ्याकाठी. पिल्लू वर घरट्यात एकटं ओरडत होतं.

डॉक्टरांनी फोनवर फोन केले. तपासणीसाठी पाठवायला दोन्ही गिधाडं बर्फात ठेवायची होती. मी मासेवाल्याकडं गेलो. तो हसत म्हणाला, "काऊन रफीकभाऊ, पुन्हा उद्घाटन हाय का?" त्यानं माझं तोंड बघितलं आणि बर्फ जास्तच दिला.

पोतं भरताना सुकमाबाई तिथंच उभी होती. म्हणाली, "ह्याईनं जनमभर आमची मढी खाल्ली. आता ह्याईले कोन खाईन?"

पिल्लू उतरवायला माणसं आली, गाडी आली, पेपरवाले आले. शिडी लावली. शिडी तोकडी पडली. उद्या मोठी आणतो म्हणून गेले. उद्याच्या ऐवजी परवा आले. सुकमाबाई शेताच्या कडेला धुऱ्यावर बसलेली होती. त्यांना बघून उठलीही नाही.

"कालपासून आवाज बंद हाय. आता शिडी कोनतीबी चालते."

*

भाऊला कुणी शब्दानं बोललं नाही. ते बरं झालं की वाईट, मला अजून कळत नाही. बोललं असतं तर तो भांडला तरी असता. त्यानं अध्यक्षपद सोडलं, तर दुसरं कुणी घेईना. वर्गणी बंद झाली, कुंपणाची तार कुणीतरी नेली. मी टेम्पोच्या त्या हॉर्नची वायर काढून टाकली. मागं घेताना आता पोराबाळांना हात करून बाजूला करावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात चांद्या गेला. म्हातारा होऊन, झोपेत, गोठ्यातच. दुखणं नाही, इंजेक्शन नाही. भाऊचा फोन आला. "रफीक, गाडी घेऊन ये."

मी म्हटलं, "भाऊ, पुरून टाकू नं. तिकडं आता कोन येते?"

"तू गाडी घेऊन ये."

माळावर आम्ही चौघंच. डॉक्टरांची बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी साताऱ्याला निघणार होते. ते भेटायला म्हणून आले ते तिथंच थांबले. आम्ही चांद्याला उतरवलं. भाऊनं त्याच्या शिंगाला लावलेला पोळ्याचा रंग हातानं पुसला. मग आम्ही झुडपामागं बसलो, पूर्वी बसायचो तसे.

कावळे लगेच आले. भाऊ दुपट्टा घेऊन धावला. "तुमच्यासाठी नाई हाय! हटा!" ते उडायचे आणि पुन्हा बसायचे. कुत्री आली, त्यांना सुकमाबाईनं काठीनं हाकललं. भाऊ धाप लागेपर्यंत पळत होता, म्हातारा माणूस, त्या उन्हात. मला बघवेना. मी टेम्पोत जाऊन बसलो.

ऊन चढलं. आभाळ अगदी मोकळं. सगळे वर बघत होते, आणि बघत नाही असं दाखवत होते. भाऊ एकदा म्हणाला, "लांबून बी येतेत म्हनतेत. तिकडं सिरोंच्याकडं हायत म्हनतेत."

थोड्या वेळानं डॉक्टर उठले. टेम्पोपाशी आले, खिडकीवर हात ठेवून उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही.

"रफीकभाई, ती हॉर्नची वायर आहे का अजून?"

"हाय. सीटखाली पडली हाय."

"जोडा. आणि एकदा रिव्हर्स घ्या."

"काऊन डॉक्टर? गाडी तं रिकामी हाय."

"माहीत आहे. घ्या."